पट्टीखालची फट

१

माणिकरावांच्या खांद्यावरच्या पिशवीत तीन वस्तू कायम असत: वही, कालचा पेपर आणि स्टीलची एक डबी. डबीत ताज्या कणकेचा गोळा.

पिशवी खांद्याला लावताना पाहिलं की रुख्मिणीबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आवो, गोळा पोळीचा काढू का बाबाचा?"

"बाबाचा," माणिकराव म्हणायचे, आणि रुख्मिणीबाई परातीतला लिंबाएवढा तुकडा तोडून डबीत टाकायच्या. तीस वर्षांच्या बातमीदारीत त्यांनी हिंगोली जिल्ह्यातले सात क्लास बंद पाडले होते, ते ह्या कणकेच्या जोरावर. डोळे बांधून वाचायला शिकवणारे क्लास. दर दोन-तीन वर्षांनी एखादा लफंगा नवं नाव घेऊन येतो आणि तेच जुनं सोंग आणतो. सोंगात दम काडीचा नाही. डोळ्यांवर पट्टी कितीही आवळा, नाकाच्या दोन्ही अंगांना फट राहतेच. मान जराशी वर उचलली की त्या फटीतून पुढ्यातलं सगळं दिसतं. ह्याला हे लोक अंतर्दृष्टी म्हणतात, आणि शिकलेसवरलेले आईबाप टाळ्या पिटतात. फटीत कणीक दाबली की अंतर्दृष्टी संपली. मग लेकरू रडतं, आईबाप चिडतात, आणि चिडतात ते माणिकरावांवर.

ह्या खेपेचा लफंगा वसमतचा. नाव दिपक. आधी मोबाईल रिचार्जचं दुकान, मग इंग्रजी बोलायचा क्लास, आणि आता 'निन्जा नेत्रविद्या'. हळद पॉलिश करायच्या शेडवरचा हॉल, खाली दिवसभर लोखंडी ड्रम गडगडायचा, आणि वर काळा ट्रॅकसूट घातलेला हा पस्तिशीचा बाप्या कपाळाला लाल फडकं बांधून उभा. फडक्यावर रंगवलेला डोळा. लेकरं मोबाईलवर हिंदी बोलणारे जपानी निन्जे बघतात, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. त्या निन्जांचे डोळे लाल होतात, बुबुळात चक्र फिरतं, भिंतीपलीकडचं दिसतं, शत्रूकडं नुसतं बघितलं की तो गारद. भिंतीवर असा एक निन्जा आणि त्याच्या शेजारी शंकर, दोघं एकाच पोस्टरवर, वर्गमित्रांसारखे.

"सायेब, हे सगळं आपलंच हाय," दिपक हात जोडून म्हणाला. "शंकराचा तिसरा डोळा, इंद्राचे हजार डोळे, संजयची दिव्यदृष्टी, गांधारीची पट्टी. जपानवाल्यायनं आपल्याकडून उचललं अन् आपल्याच लेकरायला दाखवून राहिले. मी ते वापस आणून राहिलो."

माणिकरावांनी बी.ए.ला संस्कृत घेतलं होतं. असल्या वेळी ते फार कामाला यायचं.

"शंकरानं तिसरा डोळा उघडला तो मदनाला जाळायला," ते सतरंजीवर बसलेल्या बारा पालकांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पेपरातले मथळे वाचायला नव्हे. इंद्राच्या अंगावर हजार डोळे उगवले ते दुसऱ्याच्या बायकोपाशी गेला म्हणून. शाप होता तो. तू त्याला पोस्टरच्या कोपऱ्यात बक्षिसाची ढाल मिळाल्यासारखा हसरा काढलास. आणि शनी कुठाय ह्या यादीत? बाळ गणपतीकडं बघायला नको म्हणून मान खाली घालून बसला होता बिचारा. आईनं हट्ट धरला, बघ म्हणून. बघितलं, अन् बाळाचं मुंडकं उडालं. हे सांगतोस का ह्या लोकांना?"

पालकांनी मांड्या बदलल्या. दिपक कसनुसं हसला आणि त्यानं आपली हुशार चेली पुढं बसवली.

प्रियंका. नऊ वर्षांची, चौथीतली. तांड्यावरची पोर. तिची आई मिराबाई खालच्या शेडमध्ये हळद चाळायची, आणि आईचं काम संपेपर्यंत पोर वर येऊन बसायची, म्हणून दिपकनं तिला क्लासात घेतलेली. मिराबाई दारापाशी उभी होती. पायाच्या नखांपासून कोपरापर्यंत पिवळी.

माणिकराव पोरीच्या समोर सतरंजीवर बसले, उजवा पाय मांडीखाली, डावा पुढं. त्यांनी पेपर पसरला. काळी पट्टी बांधलेल्या पोरीनं मान वर केली आणि हळदीच्या भावाचा मथळा अक्षर न अक्षर वाचला. टाळ्या झाल्या. मग ती आपणहून म्हणाली, "काका, तुमच्या अंगठ्याला भेग पडली."

माणिकराव खदखदून हसले. "ऐकलं? अंतर्दृष्टीला माझा अंगठा दिसला. दिसणारच! फटीतून बघणाऱ्याला पायच दिसतात. आणि ही युक्तीसुद्धा दिपकची नाही बरं का, गांधारीचीच आहे. युद्ध संपल्यावर धर्मराज तिच्या पाया पडायला आला. तिच्या पोटात शंभर पोरांचा राग. पट्टीखालच्या फटीतून तिची नजर त्याच्या पायाच्या बोटांवर पडली, आणि राजाची नखं काळीठिक्कर झाली. महाभारतात आहे. ही अशी विद्या तुम्ही लेकरांना शिकवताय. धन्य आहे!"

काही पालक हसले. पोर हसली नाही. पट्टीआडून तिनं विचारलं, "मंग ती नखं पुन्ना बरी झाली का, काका?"

"तसं कुठं लिहिलेलं नाही," माणिकराव म्हणाले, आणि डबी उघडली.

कणीक लावल्यावर तिला एक अक्षर वाचता आलं नाही. ती रडलीही नाही. नुसती मान खाली घालून बसली. पांढऱ्या कपड्यातला एक बाप उठून उभा राहिला. "तुमच्यामुळं लेकरू घाबरलं. तुमाला आपल्या लोकायचं चांगलं बघवतच न्हाई!"

हेही माणिकरावांना नवीन नव्हतं. ते जिना उतरले तेव्हा त्यांना घरी जेवायला चांगली भूक लागलेली होती.

२

बातमी पाचव्या पानावर आली. फोटो कापला, मथळा बदलला, 'भोंदू' शब्दाच्या जागी 'वादग्रस्त' आला. उपसंपादक नावाच्या जमातीचा कणा कुठल्या वर्षी गळून पडला ह्याचा शोध माणिकराव बरीच वर्षं घेत होते. त्यांनी पेपर घडी करून पिशवीत टाकला आणि ओट्यावर पाय सोडून बसले.

"आवो, अंगठा कुठं आपटला?" रुख्मिणीबाई चहा घेऊन आल्या होत्या.

डाव्या अंगठ्याचं नख काळं झालं होतं. रक्त साकळल्यावर येतो तसा जांभळा रंग नव्हे. तव्याच्या बुडाचा काळा. माणिकरावांनी दाबून बघितलं. दुखत नव्हतं. खालून मऊही नव्हतं. शेजारची चार नखं जशीच्या तशी, उजव्या पायाची पाचही.

"कुठंतरी लागलं असेल," ते म्हणाले.

चहा पिता पिता त्यांना आठवलं की त्या दिवशी उजवा पाय मांडीखाली होता. आठवल्याबरोबर त्यांना स्वतःची शिसारी आली. तीस वर्षं लोकांच्या डोक्यातली जळमटं झाडणाऱ्या माणसाच्या डोक्यात एवढंसं कोळिष्टक येतं कुठून? आपणच एक गोष्ट सांगायची आणि आपणच तिला भ्यायचं, हे तर दिपकच्या पालकांच्याही खालचं झालं.

तरी ते डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं खुर्चीतून न उठता विचारलं, "काही पडलं होतं का पायावर?"

"नाही."

"पडलं असेल. लक्षात नसेल."

दुसऱ्याच्या तोंडात उत्तर कोंबणाऱ्या माणसांचा माणिकरावांना भयंकर तिटकारा. त्या दिवशी मात्र ते मुकाट्यानं मलम घेऊन घरी आले. पडलं असेल. लक्षात नसेल. किती सोपं होतं.

दहाव्या दिवशी फोन वाजला. बाईचा आवाज, मागं शेळ्यांचा कालवा.

"सायेब, मी प्रियंकाची आई. तुमचा लंबर पेपरवाल्यानं देला. पोरगी पट्टी काढू देईना झाली."

"म्हणजे?"

"तुमी आलते ना, तवा तिसऱ्या दिशी तिनं घरी येऊन बांधली. रातंदिस तशीच हाय. मी हात लावला का बोंबलते. शाळेत जाईना. तुमी एकडाव या."

माणिकरावांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. दिपक! एकवीस दिवसांची साधना, नाहीतर असलंच काहीतरी. आता हे नुसतं सोंग राहिलं नव्हतं. एका लेकराच्या डोळ्यांचा प्रश्न होता.

३

तांडा वसमतपासून चौदा किलोमीटरवर. एप्रिलची दुपार, तूर कधीच निघून गेलेली रानं, रस्त्यावर माणूस नाही. मिराबाईचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली. उन्हानं पत्रा तडतडत होता. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर माणिकरावांना क्षणभर काही दिसलं नाही. मग कोपरा दिसला, आणि कोपऱ्याकडं तोंड करून बसलेली पोर.

दिपकची मखमली पट्टी नव्हतीच. जुन्या ओढणीच्या तीन घड्या, मागं दोन गाठी. पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवायला सुरुवात केली आणि लगेच पुन्हा भिंतीकडं केली.

"कोण हाय?"

"मी, पेपरवाला काका. दिपक सरांनी सांगितलं का, पट्टी ठेव म्हणून?"

"न्हाई. सर तर म्हणले काढ."

"मग काहून ठेवली?"

"फटीतून दिसून राहिलं म्हणून."

"ते तर सगळ्यांनाच दिसतं. त्यात काही जादू नाही, बाळा. मीच तर दाखवलं त्या दिवशी."

पोरीनं बोटानं ओढणी नाकाशी दाबली. मग एखाद्या अडाणी माणसाला समजावून सांगावं तसं म्हणाली, "काका, त्या निन्जायच्या गोष्टीत पन त्या पोराला पयले कळतच न्हाई, डोळ्यात आलंय ते. त्याला पयल्यासारखंच दिसतंय. त्याच्या घरच्यायला कळतंय."

माणिकरावांनी मिराबाईकडं पाहिलं. तिनं उंबऱ्याजवळ पाय पुढं केला आणि ओल्या फडक्यानं हळदीचा थर पुसला. पाच नखं काळी होती. तव्याच्या बुडाची.

"हे कधीपासून?"

"तुमी आलते त्याच हप्त्यापासून."

"पाण्यात उभं राहून होतं असं. हळद शिजवताना. बुरशी असते."

"व्हय," मिराबाई म्हणाली. "पंधरा वर्सं झाली हळदीत. कदी झालं न्हाई."

माणिकराव उत्तर शोधत खाली बघत होते, म्हणून त्यांना जमीन दिसली. शेणानं सारवलेली, स्वच्छ, फिकट हिरवी. फक्त पोरीच्या गुडघ्यांपासून भिंतीपर्यंत एक काळा डाग. सुपाच्या आकाराचा. तिच्याजवळ अरुंद, भिंतीकडं रुंद होत गेलेला. पट्टीच्या फटीतून बघणाऱ्याला जेवढं दिसेल तेवढा, हे त्यांच्या मनात आलं. मुंग्यांची एक रांग दारातून कोपऱ्यापर्यंत चालली होती. डागाच्या काठाशी रांग वळत होती, पूर्ण वळसा घालून पलीकडं पुन्हा सरळ होत होती.

"ओल आली आहे," माणिकराव म्हणाले.

"एप्रिलात?"

"खालून येते."

"मी रोज सकाळी सारवते, सायेब. दुपारपातूर वापस येतंय."

ते हात लावून बघायला वाकले. गुडघा कटकन वाजला. त्या आवाजासरशी पोरीची मान थोडी इकडं वळली, आणि माणिकराव वाकले होते तसेच सरळ झाले. वयाला दोष देऊन.

बाहेर बाभळीखाली मिराबाईनं पदर तोंडाशी धरला. "आंधळी होईल हो माझी पोरगी. कानामागं बघा, ओढनीनं कातडं निघालं. माशा बसून राहिल्या. तिला शाळेत जायाचं हाय, मास्तरीन व्हायचं हाय. पट्टी सुटली पायजे. तुमी सोडवा. तुमीच बांधली."

"मी?"

"नखाचं तुमी सांगितलं."

माणिकराव भडकले. भडकायला बरं वाटलं. अज्ञान, अडाणीपणा, एका जुन्या गोष्टीनं लेकराचं आयुष्य नासवणारा समाज, हे सगळं त्यांनी त्या बाभळीला ऐकवलं. मिराबाई ऐकत उभी होती. शेवटी त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

"रविवारी," ते म्हणाले. "अकरा वाजता. त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर. मी स्वतः पट्टी सोडतो. पोरगी सगळ्यांकडं बघेल, कुणाला काही होणार नाही, आणि ते तिला तिच्या डोळ्यांनी दिसेल. भीती जिथं शिरली तिथूनच काढावी लागते."

हे खरं होतं. त्या बारा पालकांनी ते बसल्या जागी बघावं, असं त्यांना वाटत होतं, हेही खरं होतं. दोन्हींपैकी पहिलं त्यांनी बोलून दाखवलं.

"बरं," मिराबाई म्हणाली. "पन सायेब, समोरून नका सोडू."

४

शनिवारी सकाळी दिपक हिंगोलीला त्यांच्या दारात आला. ट्रॅकसूट नाही, लाल फडकं नाही. साधा शर्ट, आणि बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पायात बूट, मोजे.

"बूट काढून ये की रे आत," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"न्हाई काकू, हितंच बरा हाय."

माणिकरावांनी त्याला बस म्हटलं नाही. भोंदू घरी येतो तेव्हा एकतर धमकी आणतो नाहीतर पेढे. ह्यानं कागद आणला होता.

"लिहून आनलं, सायेब. सगळे लेकरं फटीतूनच बघतेत. मान कशी धरायची ते मीच शिकवतो. क्लास बंद केला. पोस्टर फाडलं. खाली सही हाय. तुमी जिंकले. पयल्या पानावर छापा, माझा फोटो टाका. फक्त उद्याचं नका करू."

असा कागद माणिकरावांना तीस वर्षांत कुणी दिला नव्हता. त्यांनी तो दोनदा वाचला. लिहिण्यात चुका होत्या, पण कबुली पक्की होती. बातमी संपली होती. उद्याची काही गरज उरली नव्हती, एका लेकराच्या डोळ्यांवरच्या ओढणीपुरती सोडली तर.

"तू का घाबरलास?" ते म्हणाले. "तूच तर आईबापांना सांगत होतास, ही पोरगी म्हणजे साक्षात शक्ती. आता शक्ती उघड्यावर येते म्हटल्यावर तुझी तंतरली? अरे, आपल्या मालावर निदान दुकानदाराचा तरी विश्वास पाहिजे."

"सायेब, मजाक नका करू. तुमी गेल्यावर ती दोन दिस आली क्लासला. समोर मीच बसायचो."

तो उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर बसला आणि त्यानं बूट काढले, मोजे काढले.

माणिकरावांनी एकदा पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि तो सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. चष्मा बराच मळला होता.

"केसांचा रंग लावलास का?" त्यांनी पुसता पुसता विचारलं.

"हे फटीतून हाय, सायेब," दिपक हलक्या आवाजात म्हणाला. "बोटभर फटीतून. अख्खी पट्टी काढल्यावर काय व्हईल, ते तुमी इचार केला का?"

"मग उद्या तू येऊ नको."

"यावं लागतंय. न्हाई आलो तर पालक म्हनतील, मास्तर पळाला." तो मोजे चढवायला लागला. "मला कुनाचा भरोसा न्हाई, सायेब, पन तुमचा होता. तुमी हुशार मानूस. मला वाटलं तुमाला तरी कळंल."

तो गेल्यावर रुख्मिणीबाई बराच वेळ दारात उभ्या होत्या. "काय झालंय हो त्याच्या पायायला?"

"नाटकं," माणिकराव म्हणाले. कागद त्यांनी पिशवीत टाकला. डबी त्या दिवशी त्यांनी मागितली नाही.

५

रविवारी अकराला हॉलमध्ये बारा नव्हे, तीसेक माणसं होती. तमाशा फुकट असला की ह्या गावात नातेवाइकांना तोटा नाही. पांढऱ्या कपड्यातला बाप पहिल्या रांगेत, मांडीवर धाकटं लेकरू. त्याच्या शेजारी दिपक, फोन उभा धरून. शूटिंग करायला त्यालाच लावलं होतं. खाली ड्रम चालू होता. पंखे गरम हवा ढवळत होते आणि सगळ्या हॉलमध्ये कच्च्या हळदीचा उग्र वास भरला होता.

मिराबाईनं पोरीला हाताला धरून आणलं. चालताना प्रियंकानं हनुवटी छातीला टेकवली होती, स्वतःच्या पायांखेरीज कुणाचे पाय दिसू नयेत म्हणून. तिच्या पायांकडं माणिकरावांनी बघितलं नाही. त्यांनी तिला लोकांसमोर खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खुर्चीमागं जाऊन उभे राहिले. गाठ मागंच असते. गाठ सोडायला मागंच उभं राहावं लागतं.

मिराबाई त्यांच्या शेजारी, पण भिंतीकडं तोंड करून, डोक्यावरून पदर ओढून.

"पोरी," माणिकराव तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "घाई करायची नाही. इतके दिवस अंधारात होतीस, उजेड टोचेल. पट्टी निघाली तरी डोळे मिटूनच ठेव. मी सांगेन तेव्हा हळूहळू उघडायचे. कळलं?"

"बरं, काका." मग थोड्या वेळानं, "काका, याडी कुठं हाय?"

"आई इथंच आहे. माझ्याजवळ."

दोन्ही गाठी घामानं आणि तेलानं दगडासारख्या झाल्या होत्या. पहिली सुटायला मिनिटभर लागलं. तेवढ्या वेळात मागच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "कात्री द्या रे पत्रकाराला," आणि हशा झाला. दुसरी गाठ सुटली. ओढणी सैल झाली, घसरली, पोरीच्या मांडीवरून खाली सतरंजीवर पडली. कानामागं सोललेल्या कातड्याचा गोरा ओला पट्टा उघडा पडला, ओल्या भिंतीसारखा.

काही झालं नाही.

माणिकरावांना छातीतून श्वास मोकळा होताना कळला. त्यांनी मान वर केली. समोरची तीस माणसं पोरीच्या तोंडाकडं बघत होती आणि हसत होती. सुटल्यासारखी, हलकी. दिपकसुद्धा हसत होता.

"बघा," माणिकराव म्हणाले. हे भाषण त्यांनी रात्रभर घोळवलं होतं. "बघा, लोकहो. काय झालं? काय होणार होतं? तुम्ही एका लेकराला देवी केलं, निन्जा केलं, गांधारी केलं. आणि ती आहे चौथीतली पोर. तुम्ही बसलाय तसे बसलेले आहात. कुणाचं एक नख तरी..."

इथं ते थांबले. कुणी हरकत घेतली नव्हती. पांढऱ्या कपड्यातला बाप काहीच बोलत नव्हता. तो हसत होता, मघाचंच हसू. त्याच्या मांडीवरच्या लेकरानं बिस्कीट तोंडाकडं नेलं होतं. ते ओठांपासून चार बोटांवर होतं आणि तिथंच होतं.

दिपकच्या हातातून फोन निसटला. सतरंजीच्या बाहेर फरशीवर आपटला, फुटल्याचा आवाज झाला. तीसपैकी एकाचीही मान वळली नाही. दिपकचा हात फोन धरल्यासारखाच राहिला.

खाली ड्रम गडगडत होता.

"दिपक," माणिकराव म्हणाले. "ए दिपक. बोल की."

पंख्याच्या वाऱ्यानं पहिल्या रांगेतल्या बायकांचे पदर हलत होते. पदरांशिवाय काही हलत नव्हतं. पापण्यासुद्धा. माणिकरावांनी चष्मा नाकावर वर सरकवला. खिडकीचा उजेड त्या लोकांच्या तोंडावर होता, तरी त्यांना वाटलं, सावली असेल. पाठीमागून उजेड येत असेल. एखाद्याच्या डोळ्याचं पांढरं असं मळकट दिसू शकतं, वय झालं की, काविळीत, हळदीची धूळ जाऊन. एखाद्याचं. पण पहिल्या रांगेतल्या सगळ्यांचं एकाच वेळी, कडेकडून आत, तव्याच्या बुडाच्या रंगाचं होत चाललेलं त्यांनी पाहिलं, मांडीवरच्या लेकराचंसुद्धा. मग दुसऱ्या रांगेकडं बघायच्या आत त्यांनी नजर खाली घेतली.

सगळी माणसं हसतच होती.

एवढ्या माणसांत एवढी शांतता पोरीलाही कळली असावी. तिचे खांदे आखडले.

"याडी?"

भिंतीकडं तोंड केलेल्या मिराबाईनं दचकून पदर मागं सारला. लेकरानं हाक मारली की आई वळणारच. ती वळायला लागली. आणि खुर्चीवर प्रियंका, आईची चाहूल घेत, हळूहळू मान मागं फिरवायला लागली. आधी कान दिसला. मग गाल. मग भुवईचं टोक.

माणिकराव खुर्चीवर जवळजवळ पडले. दोन्ही तळहात त्यांनी मागूनच पोरीच्या डोळ्यांवर गच्च दाबले, तिची मान पुढं वळवून आपल्या पोटाशी धरली, आणि स्वतःचं तोंड आढ्याकडं केलं.

"मिराबाई, मागं फिरा! भिंतीकडं! बघू नका!" ते ओरडले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. जन्मभर ज्यांना हसले त्या माणसांचा तो आवाज होता. "पोरी, मीट! डोळे मीट आधी! मीट!"

पोर त्यांच्या हातांखाली दचकली. मग दबलेल्या, रडवेल्या आवाजात, आपलं काय चुकलं ते न कळून, ती म्हणाली,

"मिटलेलेच हायेत, काका. तुमी अजून उघड म्हणलेच कुठं?"